चढणीचा मासा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कोकणातला माणूस माशांवर बोलणार म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच तळलेली तुकडी येते. माझ्याही येते. पण आज ज्या माशाबद्दल मी बोलणार आहे तो मी पकडला, हातात धरला आणि परत पाण्यात सोडून दिला. हे मी माझ्या थोरल्या बहिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दोन हजार किलोमीटर जाऊन मासा सोडून आलास? बी. ए. झाल्यावर माणसाचं असं होतं बघ."

तर त्या माशाची ही गोष्ट. पण ती सुरू होते आमच्याच गावात.

चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीला मिळणारा एक पऱ्या आमच्या मोहल्ल्यामागून वाहतो. अब्बा बोटीवर खलाशी होते. वर्षातले आठ-दहा महिने समुद्रावर. सुट्टी मात्र ते अशी मागून घ्यायचे की मिरगाला घरी हजर. लोक ईदला घरी येतात, आमचे अब्बा वलगणीला यायचे. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की शेतांतून, बांधांवरून गढूळ पाण्याचे लोट पऱ्यात उतरतात. त्या पाण्याच्या वासानं म्हणा, ओढीनं म्हणा, मासा खालून वर चढायला लागतो. नदीतून पऱ्यात, पऱ्यातून शेतात. अंगठ्याएवढा मासा बांधावरून उडी मारताना मी पाहिला आहे. त्याला शेतातलं उथळ पाणी हवं असतं, अंडी घालायला. ही वलगण. कोणी चढण म्हणतं. त्या रात्री अख्खं गाव कंदील, पाग आणि टोपल्या घेऊन पऱ्यावर.

अब्बा पाग टाकायचे तसे गरीही टाकायचे. मेसाची काठी, तिला दोरी, गरीला गांडूळ. मला शेजारी बसवायचे आणि एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगायचे, "पाण्यावर सावली पाडू नको. मासा आधी तुला बघतो, मग तू त्याला."

रात्री उशिरा टोपली घरी यायची. अम्मी चुलीपुढे बसून मासे साफ करायची. त्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक माशाच्या पोटात गाभोळी असायची. हळद, तिखट, मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून ती तव्यावर टाकली की पहिला वाटा आम्हा मुलांचा. ती चव अजून जिभेवर आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते बोलताना मी काही साळसूद माणूस नव्हे, हे तुम्हांला माहीत असलेलं बरं.

अब्बा 1998 साली गेले. त्यांची काठी पडवीत आढ्याला अडकवलेली होती. 22 जुलै 2021ला चिपळूणला पूर आला, त्यात आमच्या घरातही छातीभर पाणी होतं. घर वाचलं, भांडीकुंडी गेली, दोन कपाटं पुस्तकं गेली. काठीही गेली. पुस्तकांबद्दल मी सगळ्यांशी बोललो. काठीबद्दल कोणाशीच नाही.

पुण्याचा माझा एक कॉलेजमित्र आहे. बँकेतून लवकर निवृत्त झाला आणि त्याला फ्लाय फिशिंगचं वेड लागलं. तो मला 2022च्या ऑक्टोबरात म्हणाला, "चल माझ्याबरोबर. तुझ्या बापाची काठी गेली ना, दुसरी काठी हातात देतो." काठीचं त्याला कसं कळलं, कोण जाणे. बहुधा बहिणीनं सांगितलं असावं.

आम्ही गेलो हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात. दिल्लीहून मंडीमार्गे कुल्लूकडे जाताना औटच्या बोगद्यापाशी एक रस्ता फुटतो. तो लारजीवरून बंजारकडे आणि तिथून गुशैनीकडे जातो. लारजीला तीर्थन आणि सैंज या नद्या बियासला मिळतात. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, 2014 साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तीर्थन त्या उद्यानातूनच येते. पाणी इतकं नितळ की चार हात खोलीवरचे गोटे मोजावेत. बर्फाचं पाणी. पाय घातला की घोट्यापासून वर कळ जाते.

या पाण्यात ट्राउट नावाचा मासा राहतो. हा मूळचा इथला नाही. काश्मीरमध्ये तो इंग्रजांनी आणला. 1899 साली मागवलेली अंडी वाटेतच मेली, 1900 साली स्कॉटलंडहून आलेली जगली. फ्रँक मिचेल नावाच्या, श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या गृहस्थांनी ती वाढवली. तिथून 1909 साली हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं कुल्लू खोऱ्यात ट्राउट आणला, कटराईंजवळ महिली इथे अंडी उबवली आणि पिल्लं नद्यांत सोडली. आज तिथले लोक त्याला आपला मासा म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षं एका पाण्यात राहिल्यावर आणखी कसलं प्रमाणपत्र हवं? मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला "तुमचं मराठी छान आहे हो" असं कोणी कौतुकानं म्हणतं, तेव्हा मला आता हा मासा आठवतो. फरक इतकाच की तो तरी बाहेरून आला होता.

अर्थात गोष्ट इतकी सरळही नाही. या नद्यांचा मूळचा मासा वेगळाच आहे. त्याला इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात, पण तो ट्राउटच्या कुळातला नव्हेच, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. ट्राउट शिकारी मासा. किडे खातो, लहान मासेही खातो. पाहुण्याच्या पंगतीत घरच्याचं ताट ओढलं जातं, हा प्रश्न तिथल्या जाणकारांना आहे.

आता पकडण्याची रीत. फ्लाय म्हणजे माशी. माशी लावून मासा धरायचा, असा हा खेळ. माशी खरी नाही. बारीक गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून पाण्यातल्या किड्यासारखी केलेली. माझ्या मित्रानं पहिल्या दिवशी काठी हातात दिलीच नाही. काठावरचा एक गोटा उलटा करायला सांगितला. खालच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे किडे चिकटले होते. काही मोकळे, काही वाळूचे कण जोडून केलेल्या नळीत राहणारे. ते इथे वाढतात, मग पृष्ठभागावर येतात, पंख फुटून उडतात. मासा त्यांच्यावर जगतो. म्हणून आज नदीत कुठला किडा आहे हे पाहायचं आणि तशी माशी निवडायची.

आपल्या गरीला वजन असतं, गांडूळ असतं, कधी शिशाचा गोळा असतो. त्या वजनानं दोरी पुढे जाते. इथे माशीला वजनच नाही. म्हणून दोरीच जड केलेली असते, आणि ती दोरी हवेत झुलवून माशी नेऊन ठेवायची असते. नऊ फुटी, लवचीक काठी. ती मागे न्यायची, थांबायचं, दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, मगच पुढे आणायची. तो मधला थांबा चुकला की दोरी गळ्यात. माझ्या गळ्यात ती पहिल्या दिवशी किती वेळा पडली, ते मित्राला विचारा. मग मला वृत्तातली यती आठवली. ओळीत जिथे श्वास घ्यायचा तिथे घ्यावाच लागतो. त्यानंतर जरा जमायला लागलं.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा असतो, वरून वाहत येणाऱ्या खाण्याची वाट पाहत. म्हणून त्याच्या पाठीमागून, खालच्या अंगानं जायचं. आम्ही उतरलो होतो त्या घराचे मालक आमच्याबरोबर असायचे. साठीच्या पुढचे पहाडी शेतकरी. त्यांना आम्ही चाचाजी म्हणायचो. मी पुढे सरकलो तसा त्यांनी माझा दंड धरला आणि हिंदीत म्हणाले, "छाया मत डालो पानी पर." पाण्यावर सावली पाडू नका. मी क्षणभर तिथेच उभा राहिलो. चाचाजींना वाटलं, मला पाणी फार गार लागतंय.

काठी, दोरी आणि गळ ही काही साहेबांची मिरास नव्हे, हेही सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीचे अगदी जुने नमुने शोधणाऱ्यांना तो ठाऊक असतो. त्यात मत्स्यविनोद हा एक भागच आहे. कोणत्या जातीचा मासा, त्याला कोणतं आमिष, काठी कशी, दोरी कशी, गळाला लागलेला मासा कसा दमवावा, हे सगळं त्यात आहे. इंग्रजीतलं या विषयावरचं पहिलं छापील पुस्तक 1496 सालचं. आपला राजा साडेतीनशेहून अधिक वर्षं आधीचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला मासा लागला. एका मोठ्या शिळेआड पाणी संथ फिरत होतं. माशी तिथे पडली, जरा वाहत गेली आणि पाण्यात एक खळगा पडला. काठी वाकली. हाताला जे जाणवलं ते मी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मेसाच्या काठीतून अनुभवलं होतं. हात विसरत नाहीत.

मासा जवळ आला. हातभर नव्हता, वीतभराहून बराच मोठा. ब्राउन ट्राउट. सोनेरी-तपकिरी अंग, त्यावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. चाचाजी म्हणाले, आधी हात भिजवा. कोरडा हात लागला तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तो रोगाला बळी पडतो. मी हात भिजवले आणि मासा तळव्यावर घेतला. पोट फुगलेलं, टणक. मी कोकणातला माणूस. बोटांना लगेच कळलं. गाभोळी.

चाचाजींनी मला मासा सोडायला सांगितलं नाही. हंगाम चालू होता, परवाना खिशात होता. त्यांनी फक्त माहिती दिली. थंडी सुरू झाली की हा मासा वर चढतो, लहान नाल्यांत जातो. मादी शेपटीनं तळाची वाळू-खडी उकरते, खळगा करते, त्यात अंडी घालते, पुन्हा खडीनं झाकते. पाणी जितकं गार तितकी अंडी उशिरा फुटतात. दहा अंश तापमानाला साधारण 40 दिवस, त्याहून गार असेल तर कितीतरी जास्त. म्हणून 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या नद्यांत मासेमारी बंद. "अब आठ दिन बचे हैं," ते म्हणाले. हंगाम संपायला आठ दिवस.

वर चढतो. चाचाजी हे बोलले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तीर्थन नव्हती. कंदील होते, टोपल्या होत्या, बांधावरून उडी मारणारा मासा होता. ही तर चढणच. तिथे थंडीत, आमच्याकडे मिरगात. त्यांनी चढणीच्या दिवसांना कुलूप लावलंय. आम्ही नेमके तेच दिवस निवडले होते.

मी मासा पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे करून. त्याचे कल्ले हलायला लागले. थोड्या वेळानं तो माझ्या हातातून आपणहून गेला. सोडला असं म्हणायलाही मी कचरतो. मी फक्त हात उघडे ठेवले.

संध्याकाळी चुलीशी बसलो असताना चाचाजींनी नदीची हकिगत सांगितली. तीर्थनवरही लहान लहान जलविद्युत प्रकल्प आखले गेले होते. पाणी बोगद्यात घालायचं, खाली वीज काढायची, मधला पट्टा कोरडा. खोऱ्यातल्या लोकांनी विरोध केला, प्रकरण शिमल्याच्या उच्च न्यायालयात गेलं. त्या सगळ्यात लोकांच्या बाजूनं एक मुद्दा ट्राउटचा होता. शेजारच्या सैंजवर प्रकल्प झाले. तीर्थन मोकळी राहिली. बाहेरून आलेल्या माशानं नदी राखायला मदत केली म्हणायची.

मला धरणांविरुद्ध घोषणा द्यायच्या नाहीत. आमच्या वाशिष्ठीत कोयनेचं पाणी येतं. सह्याद्रीच्या पोटात वीज करून सुटलेलं पाणी. त्या विजेच्या दिव्याखाली मी अभ्यास केला, कविता लिहिल्या. वीज नको असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण सगळ्याच नद्यांना कामाला जुंपलं पाहिजे का, एखादी नुसती वाहू द्यावी की नाही, एवढं विचारायला हरकत नसावी.

परत आलो तो पुढच्या जूनची वाट पाहत. मिरगाच्या पावसात पऱ्यावर गेलो. कंदिलांऐवजी मोबाइलचे दिवे होते. मुलं भरपूर, मासे मोजके. आमच्या लहानपणी टोपलीत मळ्ये, शिंगटी, खवल, मरळ, काय काय असायचं. आता दोन-तीन जाती मिळाल्या तर मिळाल्या. कारणं तुम्हांलाही माहीत आहेत. वाळू उपसली, नदीत नको ते सोडलं, कोणी ब्लीचिंग पावडर टाकून डोह मारले, कोणी सुरुंग लावले. ही यादी मी भाषणांतून अनेकदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी बरं वाटलं आहे, कारण तिच्यात माझं नाव नसतं. त्या रात्री पहिल्यांदा मी माझ्या घरची टोपली त्या यादीत मांडून पाहिली. एका टोपलीनं पऱ्या रिकामा होत नाही, हे खरं. पण टोपली घरटी एक होती, आणि दर वर्षी होती.

अब्बांना मी दोष देत नाही. मोठ्या बोटीवर पोटासाठी राबणारा माणूस वर्षातून एकदा मुलाला घेऊन पऱ्यावर बसायचा. पुढे माणसं वाढली, जाळी बारीक झाली, पाणी बिघडलं, आणि सवय मात्र जुनीच राहिली.

राखणं आपल्याला परकं आहे असंही नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. तिथले मासे कोणी मारत नाही, लोक त्यांना खाऊ घालतात. समुद्रात यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याची रीत कायद्याच्याही आधीची. डोह देवीनं राखला, दर्या रितीनं राखला. बिचाऱ्या पऱ्याला मात्र कोणी वाली नाही.

त्या रात्री मी मुलांना म्हटलं, "अरे, पोट फुगलेला मासा सोडा. बाकीचे न्या." एक दहावीतला पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "चाचा, तुम्ही लहान होतात तेव्हा गाभोळी खाल्लीत ना?"

मी म्हटलं, "खाल्ली."

"मग?"

मला उत्तर सुचेना. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला एका पोरानं गप्प केलं. शेवटी मी खरं तेच सांगितलं, "आम्ही खाल्ली, म्हणून तुला मिळत नाही." तो हसला. मग त्यानं पिशवीत हात घातला, चाचपून दोन मासे काढले आणि पाण्यात सोडले. बाकीचे घरी नेले. मी त्याला तीर्थनची गोष्ट सांगितली नाही. फार लांबची वाटली असती.

त्याच वर्षी, 2023च्या जुलैत, कुल्लू खोऱ्यात भयंकर पूर आला. रस्ते तुटले, पूल गेले. चाचाजींना फोन लागायला कितीतरी दिवस गेले. लागला तेव्हा आधी घरच्यांची चौकशी केली. सगळे सुखरूप होते, सफरचंदाची काही झाडं गेली होती. मग मी भीत भीत विचारलं, "और मछली?" ते म्हणाले, "बहुत बह गयी. जो बची है, वो चढ़ेगी." पुष्कळ वाहून गेली. जी उरली आहे ती चढेल.

मी आता दर मिरगाला पऱ्यावर जातो, पाग न घेता. मोहल्ल्यातले काही जण थट्टा करतात, काही जण येऊन शेजारी बसतात. आमचं इतकंच ठरलंय की पहिल्या पावसाचे पंधरा दिवस शेताच्या बांधावर जाळं लावायचं नाही. सगळे पाळत नाहीत. गेल्या वर्षी सात घरांनी पाळलं. त्यांत एक घर त्या दहावीतल्या पोराचं होतं. तो आता कॉलेजात जातो.

तुमच्या गावामागेही एखादा पऱ्या असेल, ओढा असेल, वहाळ असेल. येत्या मिरगात रात्री एकदा तिथे जाऊन उभे राहा. मासा चढताना दिसला तर बघा. बॅटरी थेट पाण्यावर मारू नका, आणि सावलीही पाडू नका.